फाटक्या ओठाची फुलं

देवकी मारोतराव ठवकर असं पूर्ण नाव घेतलं तर कॉलेजात कोणालाही पटकन उमजायचं नाही. मापवाली देवकी म्हणा, मग वनस्पतिशास्त्र विभागाचा चौकीदारसुद्धा बोट करून दाखवील. नागपुरातून अमरावती रोडने निघालं आणि वाडीची गोदामं, ट्रकांच्या रांगा मागे टाकल्या की कॉलेजच्या मालकीचा एक पडीक तुकडा लागतो. तारेच्या कुंपणाआत मुरमाड चढ आहे आणि त्यावर रानतीळ माजलेला आहे. जुलै ते ऑक्टोबर, सकाळी साडेसहापासून फुलं गळेपर्यंत, देवकी तिथे पोत्याच्या घडीवर बसून फुलं मोजते. मोजते म्हणजे किती आहेत ते नव्हे. एकेका फुलाची नळी किती लांब, तोंड किती रुंद, खालचा ओठ किती पुढे आलेला, हे कॅलिपर नावाच्या पोलादी मापात धरून पाहायचं आणि दशांशापर्यंत रजिस्टरात लिहायचं. शिक्षण सातवी पास, पण अक्षर मोत्यासारखं आणि हात दगडासारखा स्थिर.

रानतिळाचं फूल जांभळट गुलाबी, घंटेसारखं. त्याची खालची पाकळी जरा पुढे येते आणि तिच्यावर गडद जांभळा डाग असतो. तिलाच ओठ म्हणायचं. भुंगा आधी त्या ओठावर उतरतो, मग आत शिरतो, पाठीला पराग लावून घेतो आणि पुढच्या फुलाकडे जातो. कोणत्या आकाराच्या ओठावर भुंगा जास्त येतो आणि त्यामुळे बी किती धरतं, हा गिरिधर सरांच्या संशोधनाचा विषय. सरांची नोकरी, सरांचं नाव, सरांचे परदेश दौरे, सगळं या एका ओठावर उभं होतं.

आणि ते ओठ मोजायला त्यांनी जिला बसवलं, तिचा स्वतःचा वरचा ओठ जन्मतःच नाकापर्यंत फाटलेला. देवाला असल्या थट्टा करायची भारी हौस आहे.

कुहीजवळच्या एका खेड्यात ती जन्मली. नऊ वर्षांची असताना तालुक्याला शिबिर आलं, त्यात ओठ शिवून झाला. शिवणाऱ्याला घाई असावी. फाट बुजली, पण ओठ एका बाजूला ओढलेला राहिला आणि बोलणं नाकातून येत राहिलं. पुढे पाहायला सात स्थळं आली. चहा-पोहे खाल्ले, पदराआडचं तोंड पाहिलं आणि उठून गेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. देवकीच्या लग्नाला एकही विघ्न आलं नाही, कारण लग्न ठरलंच नाही. मधे करोना आला, सगळं जग तोंडाला फडकं बांधून फिरू लागलं, लोक मरत होते, आणि देवकीच्या आयुष्यातले तेवढेच काय ते बरे दिवस.

आता ओठ फाटला म्हणजे तो कोणीतरी फाडला असलाच पाहिजे. गरोदर बाईने ग्रहणात विळा हाती घेतला, काही चिरलं-कापलं, तर पोटातल्या लेकराचा ओठ फाटतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवकी जन्मली त्याच दिवशी तिच्या आजीने निकाल देऊन टाकला की सुनेनं ग्रहणात वांगं चिरलं. सून म्हणजे पार्वतीबाई, तेव्हा एकोणीस वर्षांची. आधी ती नाही म्हणाली. मग गप्प राहिली. देवकीला कळू लागेपर्यंत ती हो म्हणायला लागली होती. नवरा मारोतराव गावात भला माणूस म्हणून प्रसिद्ध. या बाबतीत त्या भल्या माणसाने जन्मभर मूग गिळले.

देवकी पंधरा वर्षांची झाली आणि आजी वारली. सुटलो, असं पार्वतीबाईला वाटलं असेल तर ती चुकली. आजीचं काम नातीने उचललं आणि आजीपेक्षा मन लावून केलं. ग्रहण आलं की देवकी आईपुढे पाट ठेवायची, पाटावर विळा आणि एक वांगं.

"घे, चिर. आता काय बाकी आहे?"

पार्वतीबाई हात मांडीत घट्ट धरून बसायची. वेध लागल्यापासून ग्रहण सुटेपर्यंत बसायची. पाणीही मागत नसे. मग देवकी विचारायची.

"कोनं केलं?"

"म्या केलं."

"कायनं?"

"विळ्यानं केलं."

"काय चिरलं?"

"वांगं चिरलं, बाई."

एवढं वदवून घेतलं की विळा उचलायचा. पस्तीस-छत्तीस वर्षं हा क्रम चालला. बाप गेला, गावातलं घर चुलत्यांनी घेतलं, मायलेकी वाडीला एका खोलीत भाड्याने राहायला आल्या, देवकीने आधी गोदामात पोती शिवली, मग कॉलेजात झाडू मारला, मग गिरिधर सरांनी तिचा हात पाहून तिला माप दिलं. सगळं बदललं, पाट बदलला नाही. आपण आईला छळतो असं देवकीच्या मनात कधी आलं नाही. माय स्वतःच्या तोंडाने कबूल करते, म्हणजे ते खरंच आहे, आणि खऱ्या गुन्ह्याला शिक्षा नको? या एका हिशेबावर तिचं अख्खं आयुष्य बेतलेलं होतं. तो हिशेब चुकला असता तर तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

२०२४च्या पावसाळ्यात रितिका आली. कोराडीच्या वीज केंद्रातल्या नोकरदाराची मुलगी, तिथल्याच वसाहतीत वाढलेली, पीएच.डी.साठी गिरिधर सरांकडे लागलेली. हुशार, बडबडी, मनाने वाईट नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती देवकीशेजारी बसून काम पाहत होती. देवकीने एक फूल खुडलं, उलटं करून पाहिलं, आणि न मोजता बाजूला टाकलं.

"ताई, थांबा थांबा. ते काहून फेकलं?"

"खराब होतं."

"खराब म्हणजे?"

"ओठ फाटला होता ना वं त्याचा. कोनं तरी तोडला. बकऱ्या घुसतात, पोरं घुसतात."

रितिकाने ते फूल उचलून भिंगाखाली धरलं. पाकळीची कड सरळ, गुळगुळीत. तोडल्याची खूण नाही, काळेपणा नाही. जांभळा डागसुद्धा दोन भागांत, फाटीच्या इकडे एक आणि तिकडे एक.

"हे कोणी तोडलं नाही, ताई. हे असंच उमललं आहे."

"असं कोनी उमलत असते का?"

"रोज किती फेकता असे?"

"सहा-सात. एखाद्या दिवशी दहा."

"आणि कधीपासून?"

"सुरुवातीपासून. आठ वर्षं झाली."

रितिकाचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरी कोणी बाई त्या जागी असती तर तिने ते फूल मोजलं असतं, निदान सरांना विचारलं तरी असतं. देवकीला विचारावंसं वाटलं नाही. फाटलेला ओठ म्हणजे कोणाचा तरी हात, कोणाचा तरी विळा, हे तिच्यापुरतं विचारण्यापलीकडचं होतं. आठ वर्षांत हजारो फाटक्या ओठांची फुलं तिने चिमटीत धरून मुरुमात टाकली, आणि टाकताना आपण काम चोख करतो आहोत याचं तिला समाधानच होतं.

इकडे गिरिधर सर त्या आकड्यांवर दोन निबंध छापून बसले होते. या टेकडीवरच्या रानतिळाचा ओठ एकाच घडणीचा आहे, त्यात फरक म्हणून नाही, असं त्यांनी तीन देशांत जाऊन सांगितलं होतं. रितिकाने बातमी दिली तेव्हा त्यांनी देवकीला विभागात बोलावून घेतलं. रितिका होती, आणखी चार विद्यार्थी होते, चहावाला होता.

"देवकीबाई, तुम्हाला कशासाठी ठेवलं? दिसेल ते मोजायला. निवडायला नाही."

"सर, मले वाटलं का..."

"वाटायचा पगार देत नाही मी तुम्हाला." मग सर थांबले आणि त्यांना काहीतरी सुचल्यासारखं झालं. "आणि दुसऱ्या कोणाला नाही तर तुम्हाला तरी ओळखता यायला पाहिजे होतं. रोज आरशात पाहता ना?"

कोणीतरी हसलं. रितिकाने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. देवकी पदर तोंडावर घेऊन उभी राहिली आणि जा म्हणेपर्यंत हलली नाही. सर काही रागाने बोलले नव्हते. शिकवताना मधे एखादा विनोद करावा तसं ते बोलले होते, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले. शिवाय अर्ध्या तासात त्यांच्या लक्षात आलं की जुने निबंध मागे घ्यायची काही गरज नाही. फाटक्या ओठाचा प्रकार या टेकडीवर यंदा प्रथमच आढळला, असं लिहिलं की झालं. ज्या चुकीपायी देवकीची अब्रू काढली, तीच चूक सरांनी शोध म्हणून मिरवली. अशा माणसांना पुढे मानपत्रं मिळतात.

नवा प्रयोग ठरला. पांढरा दोरा बांधलेली फुलं जशीच्या तशी ठेवायची. हिरवा दोरा मूळच्याच फाटक्या ओठाच्या फुलांना. आणि तांबडा दोरा ज्या फुलांना बांधायचा, त्यांचा धड ओठ पहाटे उमलता उमलता कात्रीने मधोमध चिरायचा. मग कोणाकडे किती भुंगे येतात आणि कोणाच्या बोंडात किती बी भरतं ते पाहायचं. चिरताना रितिकाच्या हातून पाकळी चुरगळे. कात्री देवकीच्या हातात आली.

पहिल्या सकाळी तिने तीस ओठ चिरले. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. जन्मभर ती चिरलेल्यांच्या बाजूला होती, आज कात्री तिच्याकडे होती. आणि किती सोपं होतं ते! बोटं जरा जवळ आणली की झालं. मायनंही असंच सहज केलं असेल, भाजीला उशीर होऊन राहिला म्हणून, असं तिच्या मनात आलं आणि तिचं टाळकं फिरलं. त्या पावसाळ्यात नागपुरात कुठलं ग्रहण नव्हतं. तरी देवकीने दोनदा पाट मांडला.

पार्वतीबाईचं डोकं तेव्हा नुकतंच हलायला लागलं होतं. आज वार कोणता, भाकर खाल्ली की नाही, हे खोलीत कोण आलं, हे ती विसरे. लेकीलाही कधी देवकी म्हणे, कधी परक्या बाईसारखं बाई म्हणे. वांगं मात्र विसरली नाही.

ऑक्टोबरात सगळी बोंडं मोजून झाल्यावर रितिका टेकडीवर धावत आली.

"ताई, फरक पडतो! भरपूर फरक पडतो! फाटक्या ओठाकडे भुंगे निम्म्यानंही येत नाहीत. आले तरी नीट बसत नाहीत, लगेच उडतात. बीसुद्धा कमी धरते!"

"मले ठाऊक होतं," देवकी म्हणाली.

"तुम्हाले कसं?"

देवकी पोतं झटकून त्याची घडी घालू लागली. रितिकाला आपण काय बोललो ते दोन दिवसांनी बसमध्ये उमगलं, असं तिने पुढे एका मैत्रिणीला सांगितलं. देवकीला मात्र सांगितलं नाही.

यंदा, म्हणजे २०२५ला, ते बी तीन वाफ्यांत पेरलं. पांढऱ्या दोऱ्याचं एका वाफ्यात, हिरव्याचं दुसऱ्यात, तांबड्याचं तिसऱ्यात. ऑगस्ट संपता संपता फुलं यायला लागली. मोजमाप अर्थातच देवकीचं, आणि यंदा काही फेकायचं नाही अशी सक्त ताकीद. सप्टेंबरची सात तारीख, रविवार. फुलांना रविवार नसतो, म्हणून दोघी सकाळपासून वाफ्यांत होत्या. देवकीचा तिसरा वाफा संपत आला आणि तिचा हात मंदावला. तिने मागची पानं उलटून पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"रितिकाताई, हे तांबड्या दोऱ्याचंच बी आहे ना? मी चिरले होते ते?"

"हो. काहून?"

"सगळ्याईचे ओठ धड आहेत वं. एकबी फाटला नाही."

"मग? धडच राहतील ना."

"अन् हिरव्याच्या वाफ्यात निम्म्याहून जास्त फाटले."

"तेच तर आपल्याले दाखवायचं आहे. ते बीमधूनच येते, ताई. आईचा ओठ कोणी कापला म्हणून पोराचा थोडीच फाटते? झाडाले काय ग्रहण लागते?" रितिका हसली, आणि हसू तोंडातच विरलं. तिने जीभ चावली. मग आवाज उतरवून, जमिनीकडे पाहत म्हणाली, "माणसाचंही तसंच आहे, ताई. बहुतेक रक्तातच असते. आईनं काही चिरल्यानं होत नाही. खरंच होत नाही."

देवकी रजिस्टर घेऊन पुढे सरकली. वाफ्याच्या टोकाला रितिकाने एक वेगळी ओळ लावली होती. त्यातल्या झाडांची आई धड ओठाची, आणि पराग ब्रशने आणून लावलेला होता दुसऱ्या एका झाडाचा. ते दुसरं झाड मागच्या वर्षी देवकीनेच मोजलं होतं. त्याच्या ओठाला अर्ध्या मिलिमीटरची खाच होती. कॅलिपर लावल्याशिवाय दिसूही नये एवढीशी. त्याच्या पोटी ही ओळ, आणि ओळीतल्या अकरापैकी चार फुलं देठापर्यंत फाटलेली. देवकी त्या चार फुलांकडे पाहत उकिडवी बसून राहिली, आणि बावीस वर्षांपूर्वीचा दवाखाना तिच्या डोळ्यांपुढे आला.

बाप शेवटचे आठ दिवस नागपुरात भरती होता. तोंडातून नळी घालायची म्हणून वॉर्डातल्या न्हाव्याने त्याची मिशी उतरवली. झुपकेदार मिशी होती मारोतरावाची. स्वतःचा बाप वारला तेव्हासुद्धा त्याने डोकं दिलं पण मिशी दिली नाही, त्यावरून भावकीत बोंब झाली होती. त्या मिशीविना देवकीने बापाला पहिल्यांदाच पाहिलं. नाकाखालून ओठापर्यंत बारीक पांढरी रेघ, आणि रेघेच्या शेवटी ओठाला एवढीशी खाच. वस्तरा लागला वाटतं, असं ती म्हणाली. पार्वतीबाईने आपला पदर पुढे केला आणि नवऱ्याचं तोंड झाकून टाकलं.

म्हणजे आजीला ठाऊक होतं. तिच्याच पोटचा तो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मग म्हातारीने परक्या घरून आलेल्या पोरीचा गळा धरला. बापाला तर रोज आरशात दिसत होतं. आणि मायला? ज्या माणसाने आपल्याला बळी दिलं त्याची मिशी ती, तो मरेपर्यंत आणि मेल्यावरही, राखत बसली होती. आणि आपण? देवकीने नऊ वर्षांत पहिल्यांदा रजिस्टर अर्धवट टाकलं. माय अजून थोडीबहुत शुद्धीत आहे, आज आहे, उद्याचं सांगता येत नाही. जे सांगायचं ते आजच सांगायला पाहिजे, तिच्या डोक्यात उतरलं पाहिजे, एवढं एकच तिला सुचत होतं.

ऑटोने ती वाडीला उतरली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. घरमालकाच्या टीव्हीवर कोणी महाराज रात्रीच्या चंद्रग्रहणाचं सांगत होते. वेध लागले होते. देवकीच्या ते ध्यानीमनीही नव्हतं.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं. पार्वतीबाई भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीत घट्ट धरलेले. तिच्यापुढे पाट होता. पाटावर विळा होता. तो तिने स्वतःच मांडला होता. घरात वांगं नव्हतं, म्हणून कांदा ठेवला होता.

"माय, उचल ते," देवकी दारातूनच म्हणाली.

"म्या केलं, बाई."

"मी काई विचारलं का तुले?"

"विळ्यानं केलं."

देवकी तिच्यापुढे बसली. म्हातारीचे दोन्ही हात तिने आपल्या हातात घेतले. असे हात तिने शेवटचे कधी धरले होते, तिला आठवेना.

"आयक माय. तू नाई केलं. चिरल्यानं काई होत नसते. म्या सोता चिरून पायलं, शंभर फुलं चिरले, त्याईची पोरं धड निंगाली. तुह्यानं काई झालं नाई. बाबाले होतं ना वं ते? मिशीखाली?"

म्हातारीचा एक हात सुटला. तिने हळूच पदर ओढला आणि आपलंच तोंड झाकलं. पदरावरून दोन डोळे देवकीकडे नीट, ओळखीने पाहत होते.

"कोनाले सांगू नको," ती म्हणाली. "मानसाची इज्जत राह्यते."

"तुले ठाऊक होतं. मंग काहून म्हनत होती म्या केलं, म्या केलं? मले काहून नाई सांगतलं?"

ओळख आली तशी गेली. पदर खाली आला.

"वांगं चिरलं, बाई. वांगं. आज कांदा आहे."

"नाई चिरलं!"

"चिरलं ना वं. म्या केलं."

तीन वेळा, चार वेळा देवकीने समजावलं. रितिकाने सांगितलं तसं सांगितलं, वाफ्यांचं सांगितलं, दोऱ्यांचं सांगितलं. म्हातारी मान हलवी आणि पुन्हा विळ्यावर येई. देवकीने माफी मागितली, पाया पडली, तर म्हातारी पाय आखडून भिंतीत शिरली, कारण पाया पडणारी लेक तिने कधी पाहिलेली नव्हती. आणि मग देवकीला राग आला. तोच राग, जुनाच, घरचाच. तिने आईचं मनगट आवळलं. हाडाला हाड लागलं.

"म्हन, म्या नाई केलं!"

म्हातारीचे डोळे विळ्याकडे वळले.

"म्हन म्हनते ना! कोनं केलं?"

"म्या..." तिने देवकीच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काय हवं आहे ते शोधलं. "म्या नाई केलं."

"कायनं?"

"विळ्यानं नाई केलं."

"काय चिरलं?"

"काई नाई चिरलं, बाई."

देवकीने मनगट सोडलं. त्यावर चार बोटं उठली होती. बाहेर ट्रक मागे घेणारा कोणीतरी हॉर्न देत होता. पार्वतीबाईने हात पुन्हा मांडीत नेले, एकात एक धरले, आणि खालच्या आवाजात विचारलं,

"आता बरोबर म्हनलं का वं? उचलतं का विळा?"